आफ्रिकन शहरं, घरभाडं आणि चर्च: कैरोस, कांगेमी की प्रिटोरिया?

चर्चच्या अभ्यासगटासाठी किंवा सेमिनरीच्या पेपरसाठी आफ्रिकन शहरातली घरं आणि विषमता हा विषय घेतलात की हातात काय धरायचं हा प्रश्न येतोच. प्रिटोरियात नोकरीला असताना आमच्या घरगुती गटात हाच घोळ झाला होता, म्हणून लिहितोय. समोर तीन पर्याय होते: दक्षिण आफ्रिकेतला कैरोस दस्तऐवज, नैरोबीतल्या कांगेमी वस्तीतलं पोपचं भाषण, आणि प्रिटोरियातल्या चर्चेसचं घरांचं काम. अपार्थाइड म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली वर्णभेदाची राजवट आणि टाउनशिप म्हणजे तिने काळ्यांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्या, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी नायजेरियातल्या लागोसचा चौथा पर्याय बाजूला काढतो, कारण कोणीतरी विचारणारच. लागोस-इबादान हायवेवर रिडीम्ड या तिथल्या पेंटेकोस्टल चर्चने अख्खं शहर उभं केलंय, स्वतःची वीज, पाणी, रस्ते, हजारो घरं, आणि ज्या लागोसमध्ये 1990 साली मारोको वस्ती बुलडोझर लावून साफ केली तिथल्या माणसाला हे केवढं वाटत असेल ते समजतं. पण तिथे घर विकत घ्यावं लागतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याबद्दल या चर्चची थिऑलॉजी, म्हणजे धर्मविचार, फारसं बोलत नाही, निदान मला तरी सापडलं नाही.

आता खरी तुलना. कैरोस दस्तऐवज 1985 चा, आणीबाणी चालू असताना जोहान्सबर्ग-सोवेटोकडच्या पाळकांनी आणि अभ्यासकांनी काढलेला. सरकारची थिऑलॉजी, चर्चची गुळमुळीत थिऑलॉजी आणि संदेष्ट्यांची थिऑलॉजी अशी सरळ विभागणी, आणि देव दडपलेल्यांच्या बाजूने आहे हे न चाचरता म्हटलेलं. आजही वाचताना अंगावर येतं. आणि त्या धाटणीचं काम नुसतं कागदावर राहिलेलं नाही. डर्बनच्या केनेडी रोडवर, म्हणजे भारतीय वंशाच्या लोकांच्या क्लेअर इस्टेटमधल्या कचरा डेपोला लागून असलेल्या झोपडपट्टीत, 2005 साली झोपडीवासीयांची अबाहलाली ही चळवळ उभी राहिली. 2009 मध्ये तिथे हल्ला झाला तेव्हा नाताळ धर्मप्रांताचे अँग्लिकन बिशप रुबिन फिलिप उघडपणे त्यांच्या बाजूने बोलले, आणि त्याच वर्षी झोपडपट्टी कायद्यातलं वादाचं कलम तिथल्या घटना न्यायालयाने उडवलं. चर्चने बाजू घेणं म्हणजे काय ते पाहायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कांगेमी हे नोव्हेंबर 2015 चं, पोप फ्रान्सिस नैरोबीच्या कांगेमी वस्तीत येशूसंघीयांच्या पॅरिशमध्ये जे बोलले ते. छोटं आहे, एका बैठकीत वाचून होतं. राहण्यालायक नसलेल्या खोल्यांना अवाच्या सवा भाडं, पाणी अडवून त्यावर पैसा करणं, जमिनी दाबून बसलेले आणि शाळेच्या मैदानावर डोळा ठेवणारे बिल्डर, सगळं नाव न घेता पण नेमकं. त्याच वर्षी जानेवारीत नैरोबीतल्या एका प्राथमिक शाळेचं मैदान गिळू पाहणाऱ्यांविरुद्ध पोरं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना वेगळं समजवायची गरज नव्हती. पण शेवटी ते भाषणच. पुढच्या आठवड्यात गटात काय घ्यायचं याचं उत्तर त्यात मिळत नाही.

आम्ही सुरुवात कैरोसपासूनच केली आणि त्यासोबत बायबलमधला योबेल वर्षाचा भाग घेतला, कारण या वळणाच्या प्रवचनांत योबेल हटकून येतोच: पन्नासाव्या वर्षी ज्याची जमीन त्याला परत. इथेच अडलं. गटात एक बाई होती, ऑफिसं साफ करायची आणि सनीसाइडला एका फ्लॅटमध्ये राहायची, फ्लॅट म्हणजे काय, एका खोलीत पडदे लावून तीन-चार कुटुंबं, स्वयंपाकाला पाळी, आणि खरा भाडेकरू या सगळ्यांकडून वसूल करून वर मालकाला देतो. ती बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय वाचत पुढे गेली आणि एकोणतिसाव्या ओवीवर थांबली. तिथे स्पष्ट लिहिलंय की तटबंदीच्या नगरातलं घर विकलं तर ते वर्षभरातच सोडवता येतं, नाहीतर घेणाऱ्याचं कायमचं, योबेलातसुद्धा परत नाही. म्हणजे शेत परत मिळतं, शहरातलं घर नाही. तिने विचारलं, मग माझ्यासाठी यात काय आहे?

मला तरी यावर कैरोसमधून उत्तर देता येईना. त्या धाटणीचा सगळा जोर हिसकावलेलं परत देण्यावर आहे आणि ते बरोबरच आहे. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून साठेक हजार लोकांना हाकललं, त्यांचा दावा आहे, 1913 नंतर जमीन गेलेल्यांसाठी 1994 चा कायदाही आहे. पण लिम्पोपो प्रांतातून किंवा झिम्बाब्वेहून आलेल्या भाडेकरूचं शहरात काही हिसकावलेलंच नाही, त्याला परत काय देणार? आज शहरात रोज येणारा माणूस हाच आहे. ही एक खोच मनात बसली ती बसलीच, मग बाकीचे गुण कितीही मोजले तरी काटा हलेना.

म्हणून प्रिटोरिया. तिथल्या शहरमध्यातल्या काही चर्चेसनी 1990 च्या दशकात एकत्र येऊन काम सुरू केलं, त्यातून यीस्ट सिटी हाउसिंग ही कमी उत्पन्नवाल्यांना भाड्याने घरं देणारी संस्था निघाली, आणि या कामातले स्टेफान डी बीअर प्रिटोरिया विद्यापीठात हीच थिऑलॉजी शिकवतात. भाषा कैरोसइतकी धारदार नाही, कधीकधी प्रोजेक्ट रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोला. पण इथे प्रश्नच वेगळे: डिपॉझिट किती, नळ किती जणांत, चर्चची स्वतःची पडीक जागा कोणाच्या नावावर. आणि एक अवघड जागाही आहे, चर्च स्वतःच घरमालक झालं की भाडं थकवणाऱ्याचं काय करायचं? दक्षिण आफ्रिकेच्या घटनेचं 26 वं कलम म्हणतं कोर्टाच्या आदेशाशिवाय घराबाहेर काढता येत नाही, म्हणजे वेळ आली तर चर्चशी जोडलेल्या संस्थेलाही आपल्याच भाडेकरूविरुद्ध कोर्टात जावं लागणार. आमच्या गटात सगळ्यात जास्त भांडणं यावरच झाली आणि ती बाई त्यात सगळ्यात जोरात, तेही वसुली झालीच पाहिजे या बाजूने.

तुमचा गट आंदोलनात उतरणारा असेल, किंवा वस्तीवर नोटीस लागलेली असेल, तर कैरोसच घ्या, मी अडवणार नाही. पेपर लिहायचाय आणि वेळ कमी आहे, तर कांगेमी पुरेल. पण गटात भाडेकरू जास्त असतील, मुंबईत काय नैरोबीत काय बहुतेक वेळा असतातच, तर लेवीय 25:29 उघडून सुरुवात करा आणि एखाद्या घरमालकालाही मुद्दाम बोलवा.