अतिवृष्टीचं अनुदान, आमचा अनुभव
सप्टेंबर २०२५ च्या पावसात सोयाबीन चार दिवस पाण्यात होतं, शेंगांना जाग्यावरच कोंब फुटले. पंचनामा मात्र लवकर झाला, तलाठी अन् कृषी सहायक चिखल तुडवत बांधावर आले, त्यांचे मनापासून आभार. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, मर्यादा २ ची ३ हेक्टर केली हे बरंच केलं, पण एकरी ३,४०० पडतात हो, त्यात बियाणं, खत, फवारणी कशाचंच भागत नाही. वडिलांचा फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) होता म्हणून पैसे थेट आधार लिंक खात्यात आले, काकांचा नव्हता तर ई-केवायसीला सेवा केंद्रावर तीन चकरा, अंगठाच उठेना, जन्मभर माती उपसल्यावर बोटाच्या रेघा कुठून राहतील? म्हाताऱ्यांसाठी दुसरी काहीतरी सोय कराच. ज्यांचा फार्मर आयडी बाकी आहे त्यांनी आधी तो काढून घ्या.