आमचा हंडा: चार लिटरच्या ड्राय शिपरबरोबर तीन मोसम

गोठवलेले नमुने वाहून नेण्याच्या या भांड्याला आमच्या टीममध्ये ड्राय शिपर कुणी म्हणत नाही. हंडाच म्हणतात. दिसतोही तसाच: ॲल्युमिनियमचं गोल पोट, अरुंद मान आणि मानेत उतरणारं फोमचं लांबलचक बूच. पोटाच्या आत स्पंजासारखं अस्तर आहे, ते द्रव नायट्रोजन पिऊन घेतं. अस्तर तृप्त झालं की उरलेला नायट्रोजन ओतून टाकायचा. मग आत हिंदकळणारं काही राहत नाही, नुसती उणे दीडशेच्या खालची वाफ राहते, आणि नमुने त्या वाफेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल थोडी कुरकुर आहे आणि या मापाचे हंडे सगळे साधारण एकाच घडणीचे असतात.

मी वटवाघळांचे आणि त्यांच्या अंगावर राहणाऱ्यांचे नमुने गोळा करते. गोचिडी, पिसवा, आणि त्या बिनपंखी माश्या, ज्या वटवाघळाच्या केसांतून कोळ्यासारख्या तिरक्या पळतात. शोधतो ते विषाणू, जे चाव्यातून एका प्राण्यातून दुसऱ्यात जातात. पहिल्या वर्षी हंडा नव्हता. सगळे नमुने आरएनए टिकवणाऱ्या द्रवात टाकून आणले. फार सोयीचं काम: बर्फ नको, घाई नको, नळ्या बॅगेच्या कप्प्यात टाकून निघायचं. फक्त आम्ही वापरलेला द्रव विषाणूचं आवरण फोडतो. आतला जनुकांचा मजकूर वाचता येतो, पण विषाणू मेलेला असतो.

सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जनुकक्रम वाचताना, एका नळीत नैरोव्हायरससारखा (हे बहुतांशी गोचिडींतून पसरणाऱ्या विषाणूंचं कूळ) एक तुकडा निघाला. त्या नळीत गोचिडीची बारा पिल्लं एकत्र वाटून बारीक केलेली होती, सहाच पाय असलेली, एका वटवाघळाच्या पंखांच्या पातळ कातड्यावरून चिमट्याने काढलेली. आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी आमच्या लॅबच्या मॅडमनी विचारलं, हा विषाणू गोचिडीचा की तिच्या पोटातल्या वटवाघळाच्या रक्ताचा? वटवाघळाच्या पेशींत तो वाढतो का? मुळात कशात तरी वाढतो का? एकाचंही उत्तर त्या नळीतून मिळण्यासारखं नव्हतं. पुढच्या मोसमात त्याच कपारीशी गेलो, तर वटवाघळांची वसाहत हललेली. तो तुकडा अजून कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याला आम्ही नाव दिलेलं नाही, देणारही नाही.

म्हणून हंडा घेतला.

आता तुम्ही म्हणाल, आजकाल जिवंत विषाणू कोण मागतो, सगळं सिक्वेन्सवर चालतं. चालतं खरं. पण या क्षेत्रात जे पक्कं माहीत आहे त्यातलं बरंचसं कुणीतरी काहीतरी गोठवून ठेवलं होतं म्हणून माहीत आहे. इसिक-कुल विषाणू घ्या. १९७० मध्ये किर्गिझस्तानात नॉक्ट्यूल वटवाघळांतून तो वेगळा केला, वटवाघळांवरच्या आर्गास गोचिडींतही सापडला, १९८२ मध्ये ताजिकिस्तानात त्याने माणसांना ताप आणला. तरी तो नेमका कोणत्या कुळातला हे कित्येक वर्षं ठरलं नव्हतं. २०१४च्या आसपास जनुकक्रम वाचला तेव्हा कळलं, नैरोव्हायरस. वाचायला काहीतरी शिल्लक होतं म्हणून कळलं. कासोकेरो विषाणूचंही तसंच: १९७७ मध्ये युगांडातल्या गुहेतल्या फळभक्षी वटवाघळांच्या रक्तातून मिळाला, प्रयोगशाळेतल्या माणसांनाच त्याने आजारी पाडलं, आणि तिथल्या वटवाघळांच्या गोचिडींत तो सापडल्याचं छापून यायला २०२० साल उजाडलं. आपल्याकडे मालसूर विषाणू २०१० च्या पाहणीत पश्चिम भारतातल्या रुसेटस या फळभक्षी वटवाघळांतून व्हेरो पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माकडाच्या पेशी) वाढवला गेला, म्हणूनच त्याचा पूर्ण जनुकक्रम काढून तो गोचिडींतून पसरणाऱ्या एसएफटीएस आणि हार्टलँड विषाणूंचा जवळचा नातलग आहे हे सांगता आलं. क्यासनूरचा, म्हणजे माकडतापाचा, विषाणूही १९६९ च्या नोंदीप्रमाणे घोड्याच्या नालासारख्या नाकाच्या वटवाघळांत आणि त्यांच्याबरोबरच्या मऊ (पाठीवर कडक ढाल नसलेल्या) गोचिडींत मिळालेला आहे. हे सगळे विषाणू कुणीतरी वाढवून पाहिले होते.

उलट बाजूही आहे. रिओ ब्राव्हो विषाणू १९५० च्या दशकात अमेरिकेत वटवाघळांच्या लाळग्रंथींत मिळाला. घराणं डेंग्यू, पिवळा ताप यांचं, म्हणजे डास-गोचिडी हव्यातच असं वाटेल. पण त्याला वाहून नेणारा कीटक आजवर सापडलेला नाही. नुसतं घराणं बघून चाव्यातून पसरतो असं लिहिणाऱ्यांना मॅडम हेच उदाहरण ऐकवतात, आणि दर वेळी तितक्याच आवाजात.

बरं, वस्तूकडे येते.

भरणं. कंपनीच्या पत्रकात हे तीन ओळींत उरकलंय. प्रत्यक्षात पूर्ण रात्र जाते. एकदा काठोकाठ ओतायचं, अस्तर पितं, पातळी खाली जाते, परत ओतायचं. घाई केली तर वरून भरलेला दिसतो आणि आतून तहानलेला राहतो. मी डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं, टांगता वजनकाटा घेतला. आमचा हंडा रिकामा ५.६ किलो. द्रव नायट्रोजनचा लिटर साधारण ८०० ग्रॅमचा, म्हणजे पोटभर प्यायल्यावर काटा ८.८ च्या आसपास आला पाहिजे. ८.२ वर निघालात तर शेवटचे दोन दिवस देवाचं नाव घ्यावं लागेल. मोहिमेत रोज सकाळी चहाच्या आधी वजन, नोंदवहीत आकडा. तापमापक बिघडतो, वजन खोटं बोलत नाही.

टिकणं. पत्रकात तेरा दिवस लिहिलेत. ते हंडा कोपऱ्यात उभा ठेवून कुणी हात लावला नाही तर. आम्ही रात्री दहा-बारा वेळा बूच काढतो. आमचे आठ दिवस. कंपनीने खोटं लिहिलंय असं नाही, पण हंडा कोपऱ्यात उभा करायला कोण विकत घेतो?

आडवा करू नये, हे पत्रकात बारीक अक्षरात आहे. ठळक हवं होतं. थंड वाफ जड असते, हंडा आडवा झाला की ती मानेतून पाण्यासारखी वाहून जाते. दुसऱ्या मोसमात एका वाहतूकवाल्याने तो पडू नये म्हणून मोठ्या काळजीने आडवा झोपवून आणला. वर बाणाचं चित्र होतं, तेही आडवं झालेलं. तापमानाची नोंद करणाऱ्या यंत्रावर शेवटचा आकडा उणे ९२. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या उणे ८० च्या फ्रीझरपेक्षा थंडच, त्यामुळे नमुने निभावले. अजून एक दिवस उशीर झाला असता तर हे परीक्षण वेगळ्या भाषेत लिहिलं असतं. तेव्हापासून हंडा त्याच्या भोपळ्याच्या आकाराच्या बाह्य खोक्यातच जातो. त्या खोक्याची घडण अशी की ते आडवं ठेवलं तरी लोळून परत उभं होतं. ते वेगळं मागवावं लागतं. सोबतच द्यायला हवं होतं.

विमानाचं काम मात्र अपेक्षेपेक्षा सोपं झालं. मोकळा द्रव नसल्यामुळे नीट भरलेला ड्राय शिपर नायट्रोजनपुरता धोकादायक मालात धरत नाहीत. नमुन्यांचे नियम, वेष्टणं, कागद हे वेगळं प्रकरण आणि त्याला सुटका नाही.

वाफेत ठेवण्याचा आणखी एक फायदा मला वापरताना कळला. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या नळीच्या आट्यांतून तो आत शिरतो आणि बाहेर काढल्यावर नळी फटकन फुटते. वटवाघळाच्या रक्ताची नळी तोंडासमोर फुटणं कुणाला परवडणारं नाही, रेबीजची लस घेतलेली असली तरी. हंड्यात तीन मोसमांत एकही फुटली नाही. लेबलं मात्र गळतात. साधा गोंद त्या थंडीत सुकलेल्या पानासारखा सुटतो. अतिथंडीसाठीची क्रायो-लेबलं घ्या, आणि तरीही झाकणावर आकडा कोरा.

आतली जागा कमी वाटेल, पण आमचं पीकही लहानच असतं. वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त घ्यायचं नाही, म्हणजे पाच ग्रॅमच्या वटवाघळाचं ५० मायक्रोलिटर, एक मोठा थेंब. त्याचे दोन भाग: अर्धा आरएनएच्या द्रवात सिक्वेन्सिंगसाठी, अर्धा हंड्यात. वटवाघूळ पाणी पाजून सोडून द्यायचं. गोचिडींचं थोडं वेगळं. मोठ्या मऊ गोचिडी वटवाघळावर क्वचितच दिसतात. पटकन पिऊन दगडाच्या फटीत परततात आणि तिथे उपाशी वर्षानुवर्षं राहू शकतात. फटीतून काढलेल्या काही आम्ही जिवंत ठेवतो, प्यायलेलं रक्त जिरेपर्यंत. त्यानंतरही त्यांच्यात विषाणू असला, तर तो उष्ट्या रक्तातला नव्हता म्हणायला आधार मिळतो. मग त्या दोन भागांत हंड्यात. उपाशी गोचिडींची बरणी सांभाळणं हे माझंच काम आहे. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

विष्ठेचे नमुने हंड्यात भरू नका, जागा वाया जाते. कीटक खाणाऱ्या वटवाघळाच्या लेंडीत त्याने खाल्लेल्या पतंगा-भुंग्यांचे विषाणू खंडीभर निघतात आणि त्यांचा वटवाघळाशी जेवणापुरताच संबंध असतो. ढेकणांना मात्र जागा ठेवा. १९६९ मध्ये थायलंडात वटवाघळांत मिळालेला काएंग खोई विषाणू पुढे गुहेतल्या ढेकणांतही सापडला होता, आणि ढेकूण शोधायला कुणी सहसा वाकत नाही.

एक ताकीद. लिटरभर द्रव नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, आणि बंद जागेत तो श्वासाची हवा हटवतो. गाडीच्या काचा खाली ठेवा, मग धूळ खायला लागली तरी चालेल. गुहेच्या आत हंडा नेऊ नका. तिथली हवा आधीच अमोनियाने जड असते. आम्ही गुहेच्या तोंडाशी ठेवतो आणि नळ्या छोट्या थर्मासमधून आणून टाकतो. हातमोजे सैल हवेत, झटकले तर निघतील असे.

मिळालं काय? मागच्या मोसमातल्या ३८ नळ्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकल्या, दर फेरीला ताज्या पेशी. ३७ मध्ये तीन-तीन फेऱ्यांनंतरही काही नाही. एका नळीत तिसऱ्या फेरीला पेशी तळापासून सुटायला लागल्या. ती गोचिडींची नळी आहे, रक्त जिरवून गोठवलेल्यांपैकी. पेशी मरायला दुसरीही कारणं असतात, म्हणून मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलंय, हंड्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागातून. दुसरा अर्धा भाग आहे, एवढंच या घडीला सांगते.

पाचपैकी चार तारे. पाचवा बाह्य खोक्याचा आणि बुचाचा कापला. बुचाचा फोम दोन मोसमांत कडेने झिजतो, मानेशी बर्फ धरायला लागतो आणि रोजचं वजन शंभर ग्रॅम जास्त उतरतं. नवीन बूच सुटं मिळतं. आमचं मागवून अडीच महिने झाले.