अॅलेक्सचे दोन शेवट

अँथनी बर्जेस यांच्या १९६२ च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीतला पंधरा वर्षांचा अॅलेक्स आपली कृत्ये रशियन शब्दांची भेसळ असलेल्या टोळीच्या बोलीत सांगतो, त्यामुळे वाचक आणि मारहाण यांच्यामध्ये भाषेचा आडपडदा राहतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९७१ च्या चित्रपटात तो आडपडदा फारच विरळ होतो. हिंसेची किळस यावी म्हणून केलेल्या सरकारी उपचारांत खुर्चीला जखडलेल्या अॅलेक्सच्या पापण्या चिमट्यांनी ताणलेल्या असतात, शेजारचा डॉक्टर त्याच्या डोळ्यांत थेंब सोडत असतो आणि समोर दाखवल्या जाणाऱ्या हिंसक दृश्यांसोबत त्याला प्राणप्रिय असलेली बेथोव्हेनची नववी सिंफनी वाजू लागते, तेव्हा गुन्हेगाराची कीव येते आणि त्या कीवेचीच भीती वाटते. हा अनुभव कादंबरी इतक्या तीव्रतेने देत नाही, असे माझे मत आहे.

शेवटाबाबत मात्र मी कादंबरीच्या बाजूने आहे. ब्रिटिश आवृत्तीतल्या एकविसाव्या प्रकरणात अठरा वर्षांच्या अॅलेक्सला हिंसेचा आपोआप कंटाळा येतो आणि तो संसाराची स्वप्ने पाहू लागतो. अमेरिकी आवृत्तीने हे प्रकरण गाळले, आणि चित्रपटही त्याशिवायच संपतो. सरकारी उपचारांनी जे साधले नाही ते वाढत्या वयाने साधावे, ही शक्यता चित्रपटात उरतच नाही.