विक्शनरी कशी आहे? बटाट्यावर वापरून बघा
विक्शनरी म्हणजे विकिपीडियावाल्यांचा ऑनलाईन शब्दकोश. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत, त्यामुळे तिला नावं ठेवायला जीवावर येतं. पण शब्दांची कुळं शोधायला ती किती कामाची हे बघायचं तर इंग्रजी आवृत्तीत पोटॅटो टाका आणि खालचा भाषांतरांचा मिटलेला चौकोन उघडा, भलीमोठी यादी येते. यादी तशी कोरडीच, खरी मजा एकेका शब्दावर क्लिक करत गेलं की येते.

फ्रेंच पोम द तेर म्हणजे जमिनीतलं सफरचंद, डच आर्डापल पण तेच (पोम म्हणजे पूर्वी कुठलंही फळ चालायचं, नाहीतर बटाट्यात सफरचंद कुणाला दिसणारे!). हंगेरियन क्रुम्प्ली आणि सर्बियन क्रोम्पिर ही जर्मन बोलीतल्या 'जमिनीतलं नाशपती'ची मोडतोड, फिनिश पेरुनाही स्वीडिश नाशपतीतूनच आलेलं. जर्मन कार्टोफेल तर भारीच, जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल नावाच्या महागड्या बुरशीचं इटालियन नाव बटाट्याला चिकटलं आणि पुढे रशियनांनी ते जर्मनांकडून उचललं. पोलिश झ्येम्न्याक सरळ जमिनीवरून, चेक ब्रांबोर मात्र ब्रांडेनबुर्ग या प्रांतावरून, म्हणजे जिथून आला त्याचंच नाव.

आणि इंग्रजी, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज ही मंडळी कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतल्या बटाटावर जातात, ज्याचा अर्थ होता रताळं! स्पेनमधल्या पटाटात दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या पापाची भेसळ झाली असं मानतात, स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेत अजून पापाच म्हणतात. आपला बटाटा पोर्तुगीजांकडून आलेला, म्हणजे याबाबतीत आपण जर्मन-फ्रेंचांपेक्षा मुळाच्या जवळ आहोत की.

आता तक्रारी. हे सगळं एका पानावर जुळवून कुठेच मिळत नाही, यादीत नुसते शब्द, कोण कुणाचं नातेवाईक ते आपणच दहा टॅब उघडून लावायचं, मोबाईलवर तर वैतागच. कुणीही लिहू शकतं त्यामुळे काही नोंदी अभ्यासपूर्ण तर काही एका ओळीत गुंडाळलेल्या, व्युत्पत्तीला संदर्भ दिलाय का ते बघूनच विश्वास ठेवा. नुसत्या इंग्रजी शब्दाची गोष्ट वाचायची असेल तर एटिमॉनलाईन ही शब्दांच्या व्युत्पत्तीची वेबसाईट जास्त छान लिहिलेली आहे, पण ती मुळात इंग्रजीसाठीच आहे, क्रुम्प्ली किंवा ब्रांबोरचा शोध घ्यायचा तर विक्शनरीच उघडावी लागते. पाचपैकी चार स्टार, एक त्या टॅबांपायी कापला.