मायक्रोब्लेडिंग की पावडर ब्रो? आधी कपाळाला टिश्यू लावून बघा

मायक्रोब्लेडिंग आणि पावडर ब्रो या भुवयांच्या त्वचेत टिकाऊ रंग भरायच्या दोन पद्धती. पार्लरमध्ये दाखवतात ते फोटो बहुतेक वेळा काम संपल्या संपल्या काढलेले असतात. तेव्हा मायक्रोब्लेडिंगची रेघन्‌रेघ सुटी, खऱ्या केसासारखी दिसते आणि शेजारचं पावडर ब्रोचं काम पेन्सिलने गिरवल्यासारखं वाटतं. सहा आठवड्यांनंतरचा, जमल्यास वर्षानंतरचा फोटो मागा; पारडं बरेचदा फिरतं.

मायक्रोब्लेडिंग हाताने करतात. बारीक सुयांची तिरकी ओळ असलेलं ब्लेड ओढून त्वचेत चिरा पाडायच्या आणि त्यांत रंग उतरवायचा. पावडर ब्रोमध्ये मशीनची सुई ठिपके टोचत जाते, म्हणून भुवई काजळाचा हात फिरवल्यासारखी भरीव दिसते. मशीननेच केसांच्या रेघा काढल्या तर त्याला नॅनो म्हणतात. पुढे रेघा, मागे ठिपके असं मिश्र कामही होतं.

आता त्वचा. चेहरा धुवा, काहीही न लावता तासभर थांबा, मग कपाळ आणि भुवयांवर टिश्यू दाबा. तेलाचे डाग उमटले तर मायक्रोब्लेडिंगचा नाद सोडा. तेलकट, मोठ्या रंध्रांच्या त्वचेत रेघा पसरतात, एकमेकींत मिसळतात आणि वर्षभरात राखाडी पट्टा उरतो. ठिपके मुळातच धूसर असल्याने त्यांचं पसरणं खपून जातं. त्वचा कोरडी किंवा मध्यम, मूळचे केस बऱ्यापैकी आणि फक्त मधल्या फटी भरायच्या असतील, तर मायक्रोब्लेडिंग खरोखर सुंदर दिसतं. मुंबईत असं गिऱ्हाईक कमीच.

दुसरा फरक खोलीचा. रंग उथळ पडला तर खपलीबरोबर निघून जातो; जास्त खोल गेला तर निळसर दिसतो आणि व्रणही राहू शकतो. ब्लेडची खोली सगळी हाताच्या दाबावर, मशीनवर ती राखणं त्यामानाने सोपं. त्याच जागी पुन्हा पुन्हा ब्लेड फिरवलं की त्वचा घट्ट होते आणि नव्या रेघा नीट धरत नाहीत. केलॉइडची, म्हणजे जखमेवर फुगीर व्रण वाढण्याची, प्रवृत्ती असेल तर दोन्ही नकोत.

मायक्रोब्लेडिंग साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतं, पावडर दोन-तीन वर्षं. दोन्हींना सहा ते आठ आठवड्यांनी टच-अप लागतो. तो दरात धरलाय का, हे आधीच विचारा. रंगाचंही विचारा: कार्बनचा काळा उतरताना राखाडी होतो, आयर्न ऑक्साइडचा तपकिरी लालसर. गव्हाळ-सावळ्या रंगावर थंड काळ्यापेक्षा उबदार गडद तपकिरी बरा.

पहिले तीन-चार दिवस भुवया भयंकर गडद दिसतात. मग खपल्या सुटतात आणि रंग उडाल्यासारखा वाटतो. घाबरून लगेच पुन्हा करायला जाऊ नका, चौथ्या आठवड्यापर्यंत तो वर येतो. खपल्या सुटेपर्यंत घाम, पोहणं, वाफ आणि ऊन टाळायचं. मे महिन्यात गर्दीच्या लोकलने रोज अप-डाउन असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा. थ्रेडिंगवालीला महिनाभर हात लावू देऊ नका. लग्न असेल तर पहिली बैठक किमान तीन महिने आधी. ताज्या भुवयांवर हळद नको.

गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या थांबवून सहा महिने होईपर्यंत थांबा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पुढे कधी एमआरआय काढावा लागला तर तिथे भुवयांचं सांगा. रक्तदानालाही वर्षभर थांबावं लागतं.

सुई किंवा ब्लेडचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावरची मुदत वाचा. काम सुरू करण्याआधी काढलेली भुवईची आखणी आरशात ताठ बसून तपासा. आडवं झाल्यावर कातडी बाजूला ओढली जाते आणि वाकडी भुवईसुद्धा सरळ दिसते.