गळकी जुनी गच्ची: कोबा, लेप, डांबरी थर की पत्रा?

पस्तीस-चाळीस वर्षांच्या आरसीसी घराची गच्ची ऐन जूनमध्ये गळू लागली की गवंडी नवा कोबा घालायला सांगतो, रंगाच्या दुकानात लेपाची बादली पुढे येते, वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे डांबराच्या जलरोधक पट्ट्यांचा थर, सुचवतो आणि शेजारी स्वतःच्या घरावरचा पत्रा दाखवतात. चारही उपाय खरे आहेत, परंतु प्रत्येक घराला ते सारखे मानवत नाहीत. भर पावसात तर यांपैकी कोबा, लेप आणि मेम्ब्रेन ही तिन्ही कामे नीट होऊ शकत नाहीत. त्या चार महिन्यांपुरती ताडपत्री घट्ट बांधावी, पावसाळी पाइपांची तोंडे मोकळी ठेवावीत आणि निर्णय दिवाळीनंतर शांतपणे घ्यावा.

निवड करण्याआधी पाणी नेमके कुठून शिरते ते पाहिले पाहिजे. पुष्कळदा ते स्लॅबच्या मध्यातून नव्हे, तर कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून, पाइपाच्या तोंडापाशी किंवा टाकीच्या पायाखालून उतरते. एप्रिलच्या कोरड्या उन्हातही छतावर ओल टिकून असेल, तर दोष पावसाचा नसून टाकीचा किंवा नळाचा आहे, आणि मग संपूर्ण गच्चीवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न स्लॅबच्या प्रकृतीचा आहे. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणून गिलाव्याचे पापुद्रे पडून सळई दिसू लागली असेल, तर वर कोणताही थर घातला तरी खालचे नुकसान आपोआप भरून येत नाही. सैल काँक्रीट काढणे, सळई घासून स्वच्छ करणे, तिला गंजरोधक लेप देणे आणि पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भराव करणे हे काम वेगळे करावेच लागते, आणि सळई बरीच झिजली असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला टाळता येत नाही. अशा छताखाली फॉल्स सीलिंग लावून डाग झाकण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण पडणारे काँक्रीट आधी दिसते ते छतावरच, आणि तेच आपण नजरेआड करतो.

आता कोबा. सिमेंटच्या मसाल्यात विटांचे तुकडे बसवून, पाण्याला ढाळ देऊन, कठड्याच्या कोपऱ्यात वाटा (मसाल्याची गोलाई) घेऊन आणि वरून घोटून केलेला चांगला कोबा वर्षानुवर्षे टिकतो. त्यावर पापड-कुरडया वाळत घालता येतात, मुलांना खेळता येते, खालच्या खोल्या थोड्या थंड राहतात आणि गच्चीचा चुकलेला ढाळही त्यातच सुधारता येतो. मात्र त्याचे वजन फार आहे. सरासरी ११ सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे साडेअठरा टन. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर येणारा भार म्हणून भारतीय मानकात चौरस मीटरला १५० किलो धरतात, हे लक्षात घेतले तर जुना कोबा तसाच ठेवून त्यावर दुसरा घालणे किती धोक्याचे आहे ते कळते. दुर्दैवाने हेच सर्रास केले जाते, कारण जुना कोबा फोडणे, मलबा खाली उतरवणे आणि तोवर गच्ची उघडी ठेवणे कोणालाच नको असते. शिवाय कोब्यात पाणी एका जागी शिरते, विटांमधून लांबवर पसरते आणि दुसऱ्याच खोलीत टपकते, त्यामुळे पुढे गळती शोधणे अवघड जाते.

लेप याच्या उलट आहे: वजन नगण्य, काम दोन-चार दिवसांचे, आणि पांढरा असल्यास उष्णताही कमी. परंतु ॲक्रिलिक लेपाला साचलेले पाणी सोसत नाही. ढाळ नसलेल्या गच्चीवर तो लवकर सुटतो, आणि नीट लावला तरी काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. पीयू (पॉलियुरेथेन) लेप अधिक लवचिक असतो, अधिक महागही. दोन्हींना पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो आणि भेगांवर फायबरची जाळी बसवावी लागते. जाळी वगळून स्वस्त दर देणाऱ्याला काम देऊ नये.

डांबरी मेम्ब्रेन तीन-चार मिलिमीटर जाड असते, ती आचेने चिकटवतात. तिचे यश सांध्यांवर अवलंबून असते: पट्ट्या एकमेकींवर सुमारे दहा सेंटिमीटर चढवलेल्या हव्यात आणि कडा कठड्यातील खाचेत दाबलेल्या हव्यात. उघडी ठेवल्यास ती उन्हाने तापते व खराब होते, आणि रोजच्या वावरासाठी ती नाही.

पत्र्याने पाऊस आणि ऊन दोन्ही अडतात. जिथे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या कोकणात त्याची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. तरीही स्थानिक संस्थेची परवानगी लागते का ते आधी विचारावे, आणि त्याचे खांब जुन्या कठड्यावर नव्हे तर इमारतीच्या स्तंभांवर बसवावेत, कारण वादळी वारा पत्रा वर उचलतो आणि तो ताण कमकुवत कठड्याला पेलत नाही.

माझ्या मते, स्लॅब मजबूत असून जुना कोबा पूर्ण काढता येत असेल, तर नवा कोबाच करावा. स्लॅब अशक्त असेल तर खालची दुरुस्ती करून हलका लेप किंवा, कोकणात, पत्रा. गच्चीवर वावर नसेल तरच मेम्ब्रेन. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाने वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान संस्थेने दुरुस्त करायचे असते, आणि १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण करायचे असते. त्या परीक्षणाचा अहवाल मागवून मगच ठेकेदारांचे दर घ्यावेत. कोबा असो वा लेप, गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खालचे छत कोरडे राहिले हे पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, आणि ही अट सुरुवातीलाच लेखी घालावी.