स्टारचा तक्ता की चित्र-वेळापत्रक? स्वमग्न विद्यार्थ्याच्या वर्गशिक्षकासाठी तुलनात्मक आढावा

जूनमध्ये पटावर स्वमग्न (ऑटिझम असलेले) मूल आले की पहिल्या चाचणीच्या आतच वर्गशिक्षकाला दोन सल्ले मिळालेले असतात. चांगल्या वर्तनाबद्दल स्टार द्यावेत आणि ठरावीक स्टार जमले की मुलाच्या आवडीची वस्तू द्यावी, असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो की दिवसाचे वेळापत्रक चित्रांत मांडून मुलापुढे ठेवावे, म्हणजे अर्धी अस्वस्थता आपोआप ओसरेल. पटावर तीस-चाळीस मुले असताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी नीट चालवणे बहुतेकांना जमत नाही, म्हणून सुरुवात कशाने करायची हे ठरवणे भाग पडते.

दोन्ही पद्धती अमेरिकेतून आल्या आहेत, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. स्टारची पद्धत टिओडोरो आयलॉन आणि नेथन अॅझरिन यांनी १९६० च्या दशकात इलिनॉयमधील एका मनोरुग्णालयात राबवलेल्या टोकन पद्धतीवर (अपेक्षित वर्तनाला टोकन, आणि टोकनांच्या बदल्यात हवी ती वस्तू) उभी आहे. वर्तनानंतर जे मिळते त्यावरून ते वर्तन वाढते किंवा घटते, हे तिचे सूत्र. चित्र-वेळापत्रक रूढ झाले ते मुख्यतः एरिक शॉपलर यांच्या उत्तर कॅरोलिनातील, स्वमग्न मुलांसाठीच्या ‘टीच’ (TEACCH) कार्यक्रमामुळे, जो १९७२ मध्ये राज्यव्यापी झाला. त्याचा रोख वर्तनाआधीच्या परिस्थितीवर आहे: ऐकलेले विरून जाते, पाहिलेले समोर राहते, आणि पुढे काय होणार हे न कळण्याचा ताण स्वमग्न मुलाला इतरांहून फार अधिक होतो. एक पद्धत वर्तनानंतर हात घालते आणि दुसरी वर्तनाआधी, हा फरक ध्यानात घेतला की निवड बरीच सोपी होते.

माझ्याकडे दुसरीचा वर्ग असताना मी स्टारपासून सुरुवात केली होती. गणिताच्या तासाच्या शेवटी शेवटी एक मुलगा बाकाखाली शिरत असे आणि बाहेर काढू गेल्यास किंचाळत असे. मधल्या सुट्टीपर्यंत जागेवर बसल्यास पाच स्टार आणि मग मेणखडूंची पेटी, असे मी ठरवले. तिसऱ्या दिवशी तो किंचाळला म्हणून मिळालेला एक स्टार मी काढून घेतला, तेव्हा त्याने सगळा तक्ताच भिंतीवरून ओढून काढला. त्यानंतर मी वहीत तीन रकाने आखले: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय झाले. आठ दिवसांच्या नोंदींतून दिसले की तो बाकाखाली जातो ते नेमके घंटेच्या दोन-तीन मिनिटे आधी, आणि घंटा म्हणजे आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा होता. ज्याला तो आवाज सोसवत नाही त्याला शांत बसण्याचे बक्षीस लावणे म्हणजे, स्पष्टच सांगायचे तर, दात दुखणाऱ्याला हसण्याचे बक्षीस लावण्यासारखे होते. त्याची जागा खिडकीपासून दूर नेली, चित्र-वेळापत्रकाच्या पट्टीवर गणिताच्या चित्राखाली घंटेचे चित्र लावले, कानांवर हात ठेवण्याची मोकळीक दिली आणि घंटेआधी दारातून हात दाखवण्याची विनंती शिपाईमामांना केली. बाकाखाली जाणे पूर्ण थांबले नाही, पण रोजचे आठवड्यातून एखाद्या वेळेवर आले.

तेव्हा वर्तनामागे आवाज, गर्दी, अचानक झालेला बदल किंवा न समजणारे काम असेल, तर चित्र-वेळापत्रकच आधी घ्यावे. त्याला खर्च फारसा नाही. पुठ्ठ्याची पट्टी, चिकटपट्टी आणि झालेले चित्र टाकण्यासाठी ‘झाले’ असे लिहिलेले एक पाकीट पुरते. रेखाचित्रे न उमगणाऱ्या मुलासाठी त्याच्याच डब्याचे, त्याच्याच बाकाचे छायाचित्र वापरावे. ज्याला सबंध दिवसाची पट्टी झेपत नाही त्याला ‘आधी गणित, मग चित्रकला’ एवढी दोनच चित्रे द्यावीत. शिक्षक रजेवर असल्यास किंवा मैदानावर पाणी साचल्यास ‘बदल’ असे एक वेगळे कार्ड लावावे, कारण गोंधळ बहुतेक अशाच दिवशी होतो. मात्र मुलाने झालेले चित्र स्वतः पट्टीवरून काढून पाकिटात टाकले नाही, तर आठवड्याभरात ती पट्टी भिंतीवरच्या सुविचारासारखी कोणाच्या नजरेसही पडत नाही.

स्टारची उपयुक्तता मी नाकारत नाही. नवे कौशल्य अंगवळणी पाडण्यासाठी ते उत्तम चालतात. त्यासाठी सुरुवातीला दोनच स्टार ठेवावेत, बक्षीस लगेच द्यावे, ते मुलाच्या आवडीचे असावे (आपल्या आवडीचे नव्हे) आणि एकदा दिलेला स्टार कधीही परत घेऊ नये. जे काम मूल आनंदाने करतेच आहे त्याला स्टार लावू नये. चित्रे काढणाऱ्या बालवाडीतील मुलांना आधी बक्षीस कबूल केल्यास पुढे त्यांचा चित्रांतील रस घटतो, असे मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच दाखवले होते. ती मुले स्वमग्न नव्हती, तरी इशारा घेण्याजोगा आहे. हात फडफडवणे, डुलणे अशा कोणालाही इजा न करणाऱ्या हालचाली थांबवण्यासाठी तर स्टार मुळीच वापरू नयेत. लहानपणी असे शिक्षण सोसलेल्या अनेक स्वमग्न प्रौढांनी त्याबद्दल उघडपणे कडवट लिहिले आहे. वर्गातील बाकीची मुले ‘बाई, मला पण स्टार’ म्हणू लागतात तो प्रश्न वेगळाच, आणि तो रोजचा असतो.

दोन्ही पद्धती फेटाळणारे लोकही भेटतात, ‘एकासाठी वेगळे का करायचे’ असे म्हणणारे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हे शाळेचे कर्तव्य आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. हे मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवलेले बरे.

दोन्ही पद्धती उत्तम जुळतात त्या एकाच जागी. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवले की त्रासदायक वर्तनातून मूल जे मिळवू पाहते तेच मागण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवला, तर ते वर्तन घटते. आमच्या पट्टीशेजारी ‘थोडी विश्रांती’ असे एक कार्ड अडकवले होते. ते हातात दिले की व्हरांड्यात तीन मिनिटे बसता येई. सुरुवातीचे पंधरा दिवस ते कार्ड देण्याबद्दल मी त्याला स्टार दिले. पुढे स्टार मागायचे तो विसरून गेला, आणि कार्डाचे कोपरे इतके झिजले की नाताळाच्या सुट्टीआधी नवे करावे लागले.